जूनमध्ये रुजू व्हायचंय, मनात राजीनामा घोळतोय

पत्र

सप्रेम नमस्कार,

मी ३१ वर्षांची. ऐरोलीतल्या एका खासगी कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करते. कंपनीत दोनशेच्या आसपास माणसं आहेत, पाळणाघर नाही. राहायला घोडबंदर रोडला, वाघबीळला. बाळंतपणाच्या तीन आठवडे आधी रजा सुरू केली. मुलगी आता १७ आठवड्यांची आहे आणि जूनच्या मध्यावर मला रुजू व्हायचंय. रजेआधी सकाळी आठला घर सोडायचे ते रात्री सव्वाआठला परत. शिल्लक रजा १४ दिवस. ऑक्टोबरमध्ये नोकरीला पाच वर्षं होतील. हातात ५४ हजार येतात, बेसिक ३० हजार. घराजवळचं पाळणाघर अकरा हजार मागतंय, दिवसभराची बाई अठरा हजार. नवऱ्याची नोकरी पवईला, तो म्हणतो, "एवढ्या ओढाताणीपेक्षा वर्षभर सोडून दे." सासूबाई कराडहून यायला तयार आहेत, पण त्या ६८ वर्षांच्या आहेत आणि गुडघ्यांनी बेजार. मुलगी बाटली तोंडात धरत नाही. त्यात मॅनेजर फोनवर म्हणाले, "आल्यावर तुला जरा हलकं काम देऊ, तुझं मोड्यूल आता दुसऱ्याकडे आहे." राग यावा की बरं वाटावं तेच कळेना. रात्री उगाच रडू येतं. राजीनामा दिला तर सहा महिन्यांचा पगार परत मागतील का?

– गोंधळलेली, वाघबीळ

उत्तर

नमस्कार ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण तो रात्री झोपू देत नसणार. नाही, रजेचा पगार परत मागता येत नाही. तुम्ही प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेलं होतं, म्हणून तो पगार मिळाला. नंतर नोकरी करायलाच हवी अशी अट कायद्यात नाही. नेमणूकपत्रात किंवा बाँडमध्ये तसं कलम घातलेलं असलं, तरी कायद्याने दिलेला हक्क करारातून काढून घेता येत नाही. नोटीस पिरियडचे पैसे मात्र वेगळे. नोटीस न देता गेलात तर ते कापले जातील.

आता राजीनामा. आमचं मत स्पष्ट आहे, तो आत्ता देऊ नका. कायमचा देऊ नका असं नाही म्हणत आम्ही. कदाचित दिवाळीनंतर तुम्ही द्यालही आणि तो निर्णय बरोबरही असेल. पण आज तुम्ही ज्या दिवसाची कल्पना करून घाबरता आहात, तो रजेआधीचा सव्वाबारा तासांचा दिवस आहे. तो तसाच्या तसा चार-सहा महिन्यांच्या बाळाबरोबर जगता येणार नाही हे खरंच. म्हणून आधी तो दिवस बदलायचा, तीन-चार महिने चालवून बघायचा आणि मग ठरवायचं.

तोवर थांबण्याचं रोख कारणही आहे. ऑक्टोबरमध्ये पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, लागू होते. बेसिकला १५ ने गुणून २६ ने भागायचं आणि वर्षांनी गुणायचं. तुमच्या ३० हजारांवर पाच वर्षांचे साधारण ८६,५०० होतात. बाळंतपणाच्या रजेचे २६ आठवडे सलग सेवेतच धरले जातात, त्यामुळे रजेने तुमची वर्षं तुटलेली नाहीत. फक्त लक्षात ठेवा, मोजला जातो तो नोकरीचा शेवटचा दिवस. राजीनाम्याची तारीख मोजत नाहीत. दोन महिन्यांची नोटीस असेल तर सप्टेंबरमध्ये दिलेलं पत्रही पुरतं.

पीएफ हा हिशोबात कुणी धरत नाही. बेसिकच्या १२ टक्के तुमचे आणि तेवढेच कंपनीचे. पूर्ण बेसिकवर कापत असतील तर दरमहा ३,६०० अधिक ३,६००, वर्षाचे ८६,४०० होतात. काही कंपन्या १५ हजारांच्या मर्यादेवरच, म्हणजे १,८०० कापतात. पगाराची स्लिप बघा. शिवाय कंपनीचा गट आरोग्य विमा नोकरीबरोबर जातो. त्यात मुलीचं नाव घातलंय का? जन्मानंतर ठरावीक दिवसांत कळवावं लागतं आणि जागरणाच्या दिवसांत नेमकं तेच राहून जातं. आजच एचआरला विचारा.

आणि एक विचारायचंय. पाळणाघराचे अकरा हजार तुमच्या ५४ हजारांतून वजा करून "उरतात ४३, मग कशासाठी?" असा हिशोब घरात चाललाय का? बाळ दोघांचं, मग वजाबाकी दोघांच्या बेरजेतून करायची. आकडा तोच राहतो, पण चर्चेचा सूर बदलतो.

नवऱ्याच्या "वर्षभर सोड" ला एक मधला पर्याय आहे. दोन-तीन महिन्यांची बिनपगारी रजा लेखी मंजूर करून घ्यायची. पगार आणि पीएफ थांबेल, पण सेवा तुटत नाही. विमा चालू राहतो का ते मात्र मंजुरीच्या पत्रातच लिहून घ्या. आम्ही हा पर्याय दुसऱ्या फळीत ठेवू. पहिली फळी वेगळी.

तारखांकडे बघा. २६ आठवड्यांपैकी तीन आधीच गेले, म्हणजे मुलगी २३ आठवड्यांची असताना तुम्ही रुजू होणार. पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध असं डॉक्टर सांगतात आणि तुमची रजा त्याच्या तीन आठवडे आधी संपते. ही फट बहुतेकींना पडते, कारण रजा प्रसूतीच्या आधी सुरू होते. तुमच्या १४ शिल्लक रजांनी ती जवळजवळ बुजते. मोह होईल, पण सगळ्या रजा तिथे खर्चू नका. पाळणाघराच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत मूल हमखास आजारी पडतं आणि तेव्हा हाताशी एकही रजा नसते. राजीनामे लिहिले जातात ते त्या आठवड्यात.

त्याऐवजी ते तीन आठवडे घरून काम मागा. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात तरतूद आली की कामाचं स्वरूप तसं असेल, तर रजा संपल्यावर दोघांच्या संमतीने घरून काम करता येतं. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, पण २६ आठवडे, ८० दिवस, घरून काम, पाळणाघर, हे सगळं तिच्यात कायम आहे. हा हक्क नाही, संमतीचा मामला आहे, म्हणून मागणी जितकी नेमकी तितकी ती मान्य होण्याची शक्यता जास्त. "थोडे दिवस घरून जमेल का?" याला उत्तर "बघू" असंच येतं. मेल असा लिहा:

"माझी रजा अमुक तारखेला संपते आहे. पहिले तीन आठवडे पूर्णवेळ घरून आणि त्यानंतर तीन महिने आठवड्यातून दोन दिवस घरून काम करण्याची परवानगी मिळावी. ऑफिसच्या दिवशी कामाची वेळ सकाळी ८ ते ५ असावी. दिवसातून तीनदा वीस मिनिटांसाठी आतून कडी लागणारी खोली आणि प्लग पॉइंट लागेल. माझं पद, पगार आणि रिपोर्टिंग रजेपूर्वीप्रमाणेच राहील असं मी गृहीत धरते. यात काही बदल असल्यास लेखी कळवावं."

हा मेल एचआरला पाठवा, मॅनेजरना प्रत. फोनवर ठरवू नका. ठरलंच, तर त्याच संध्याकाळी "आज बोलल्याप्रमाणे" असा दोन ओळींचा मेल टाका. या आठवड्यातच पाठवा, कारण अशा मेलला उत्तर यायला वेळ लागतो आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या हातात दुसरी पुष्कळ कामं असतील.

मेलमधली शेवटची दोन वाक्यं "हलक्या कामा"साठी आहेत. रजेवर असताना तुम्हाला काढता येत नाही किंवा नोकरीच्या अटी तुमच्या तोट्याच्या होतील अशा बदलता येत नाहीत. पण मॅनेजरच्या मनात काय आहे ते अजून आपल्याला ठाऊक नाही. चांगुलपणाने बोलले असतील, बाजूला सारायचा बेत असेल, किंवा नुसतं बोलायचं म्हणून बोलले असतील. हलकं काम घ्यायला आमची हरकत नाही, मात्र शेवटच्या तारखेसह घ्या: "सहा आठवडे, त्यानंतर माझं मोड्यूल माझ्याकडे." आणि काम निवडायची मुभा असेल तर रिग्रेशनचं ऑटोमेशन (नव्या बदलाने जुनं काही बिघडलं नाही ना, ही तपासणी आपोआप होईल अशी सोय) मागून घ्या. त्यात रात्रीच्या रिलीजची, म्हणजे नवी आवृत्ती बाहेर सोडण्याची, धावपळ नसते, कामाच्या वेळा आपल्या हातात राहतात आणि वर्षअखेरीला दाखवायला ठोस काही उरतं. नुसते टेस्ट केसचे तक्ते नीट लावत बसलात तर अप्रेझलमध्ये लिहायला काहीच नसेल. क्लायंटच्या रात्रीच्या वेळेसाठी कुणी ओढत असेल, तर रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्री कर्मचाऱ्याला तिच्या संमतीशिवाय कामाला लावता येत नाही. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात ते आहे.

पन्नास किंवा जास्त कर्मचारी असले की पाळणाघराची सोय कायद्याने बंधनकारक आहे आणि तुमच्याकडे दोनशे आहेत. कंपनीला स्वतःची खोली काढायला नको, आसपासच्या कंपन्यांनी मिळून चालवलेलं किंवा एखादं खासगी पाळणाघरही चालतं. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा असते. हे एचआरला सौम्यपणे जरूर लिहा, पण खरं सांगायचं तर ऐरोलीतलं पाळणाघर तुमच्या कामाचं नाही. सहा महिन्यांचं बाळ रोज वाघबीळहून कापूरबावडी-माजिवड्याच्या गर्दीतून नेणं-आणणं आणि तेही जून-जुलैत, यात तिचेही हाल, तुमचेही. शिवाय तुम्ही मीटिंगमध्ये अडकलात तर तिला आणायला दुसरं कुणी पोचूच शकत नाही. पाळणाघर घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर हवं. कंपनीकडून त्याऐवजी भत्ता मागता येतो. काही कंपन्या तो देतात.

मेलमध्ये ८ ते ५ का घातलं? ट्रान्स-हार्बर लोकलचा ठाणे ते ऐरोली टप्पा जेमतेम दहा-एक मिनिटांचा, वेळ खातो तो घोडबंदर रोड. सातला निघालात तर शाळेच्या बसगाड्या आणि ऑफिसची गर्दी पूर्ण भरायच्या आत तुम्ही ठाणे स्टेशनच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर असाल. पाचला सुटून सव्वासहापर्यंत घरी. आणि सकाळी मुलीला पाळणाघरात सोडण्याचं काम नवऱ्याचं, साडेआठला. म्हणजे तुमचा दिवस सव्वाअकरा तासांचा झाला, पण मुलगी पाळणाघरात पावणेदहा तासच राहिली. एकाने लवकर जायचं, एकाने उशिरा. दोघांच्या वेळा सारख्या असतात त्या घरात हे साधत नाही, तुमच्याकडे साधतंय.

पाळणाघर की बाई? सात हजारांचा फरक सोडला, तरी सहा महिन्यांच्या बाळासाठी घरची बाई कागदावर बरी दिसते: तिथे संसर्ग कमी, झोप घरची. पण ती एकटीच असेल तर तिच्या एका दांडीने तुमचा दिवस आडवा होतो आणि दिवसभर बघणारं दुसरं माणूस नसतं. सासूबाई सहा महिने राहणार असत्या तर आम्ही बाई सुचवली असती. त्यांना दिवसभर बाळ उचलायला लावणं अन्यायाचं आहे, गुडघे दुखणारं माणूस बाळाला घेऊन जमिनीवरून उठू शकत नाही. त्यांना पहिल्या चार आठवड्यांसाठी बोलवा. पाळणाघरातून मधेच फोन आला तर जवळ कुणीतरी असणं, दुपारी एकदा डोकावून येणं, संध्याकाळी गाडी रखडली तर आणायला जाणं, एवढंच त्यांचं काम. ते त्यांना झेपेल आणि आवडेलही. पुढचा महिना तुमच्या आईला जमतो का बघा.

पाळणाघर बघायला सकाळी अकराला जाऊ नका. तेव्हा सगळी पाळणाघरं छान असतात. संध्याकाळी साडेपाचला, न सांगता जा. तेव्हा बायका दमलेल्या असतात, मुलं कावलेली असतात आणि खरं काय ते दिसतं. एक वर्षाखालच्या तीन, फार तर चार बाळांमागे एक बाई हवी. बाळांना पाठीवर, घट्ट गादीवर झोपवतात का, की मऊ उशा-लोडांच्या मध्ये? टीव्ही चालू आहे का? फ्रिज आहे का, वीज गेल्यावर काय? ताप आला तर किती वेळात न्यावं लागतं? मुलीला कोण नेऊ शकतं त्यांची नावं लेखी द्या. आणि न विचारता काहीही द्यायचं नाही हेही लिहून द्या: गुटी नाही, ग्राइप वॉटर नाही, मध तर नाहीच. वर्षाखालच्या बाळाला मधातून बोटुलिझमचा धोका असतो, चाटवण्यापुरताही देऊ नये.

आता दुधाचं, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे.

बाळाला दर तासाला सरासरी ३० ते ४० मिली लागतं असं धरा. सव्वाअकरा तासांसाठी साडेतीनशे ते साडेचारशे मिली, म्हणजे ९० मिलीचे चार-पाच भाग. फ्रीजर गच्च भरायची गरज नाही. पहिल्या दिवशी जे लागेल ते आणि एका दिवसाचं जास्तीचं, असा ७००-८०० मिलीचा साठा पुरतो. पुढे आज ऑफिसात काढलेलं उद्या पाळणाघरात जातं. आत्तापासून रोज सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर एकदाच काढायला लागा, तेव्हा दूध सर्वांत जास्त असतं. पहिल्या आठवड्यात तीस-चाळीस मिलीच निघेल. घाबरू नका, बाळाने ओढून घेतल्यानंतरचं ते उरलेलं दूध आहे.

ऑफिसात तीन वेळा, साडेनऊ, साडेबारा, साडेतीन, दर वेळी पंधरा-वीस मिनिटं. दोन्ही बाजूंचा इलेक्ट्रिक पंप असेल तर तेवढ्यात होतं. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दोन जादा सुट्या कायद्याने मिळतात, तिसरी जेवणाच्या सुटीत बसवा. टॉयलेटमध्ये काढू नका, कुणी तसं सुचवलं तर नाही म्हणा. पंपाबरोबर छातीला लावायचं जे फनेल येतं ते सहसा २४ मिमीचं असतं. पुष्कळजणींना ते मोठं होतं, स्तनाग्राभोवतीचा भागही आत ओढला जातो, दुखतं आणि दूध कमी निघतं. लहान मापाचं वेगळं मिळतं. दुसरी नेहमीची भानगड म्हणजे व्हॉल्व्हची पातळ रबरी पापडी. ती दोन-तीन महिन्यांत सैल पडते किंवा फाटते, ओढ कमी होते आणि बाई समजते की दूध आटलं. डिंकाचे लाडू सुरू होतात, बदलायची असते फक्त पापडी. एक जोडी बॅगेत ठेवाच. पाळी सुरू झाल्यावरही दोन-चार दिवस दूध कमी होतं आणि परत येतं.

काढलेलं दूध २५ अंशांखाली चार तास टिकतं असं पुस्तकं सांगतात. मे-जूनमध्ये ठाण्यातली खोली २५ अंशांवर कधी असते? एसीच्या खोलीत चार तास धरा, बाहेर असेल तर लगेच थंड करा. बर्फाच्या जेल पॅकसह इन्सुलेटेड बॅगेत २४ तास राहतं. गाडी पावसात रखडली तरी काळजी नाही, फक्त पॅक रात्रभर गोठवलेले हवेत. फ्रिजमध्ये चार दिवस, पण दारात नाही, मागच्या बाजूला. वीज जाते, दार सारखं उघडतं, म्हणून आपण दोन दिवसांचाच हिशोब धरू. वेगळ्या दाराच्या फ्रीजरमध्ये सहा महिने. पिशव्या काठोकाठ भरू नका, गोठताना दूध फुगतं. वर तारीख लिहा, जुनी आधी वापरा. रात्री फ्रिजमध्ये उतरवून ठेवलेलं २४ तासांत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही. गरम करायचं ते कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून. मायक्रोवेव्हमध्ये कुठे थंड, कुठे चटका बसेल असं तापतं. पाजून उरलेलं दोन तासांनंतर टाकून द्या, जिवावर आलं तरी.

साठा करण्याआधी एक पिशवी आठवडाभर गोठवून, उतरवून, हुंगून बघा. काहींच्या दुधाला साबणासारखा वास येतो. त्यात लायपेज नावाचं विकर असतं, ते चरबी मोडतं. दूध खराब नसतं, पण काही बाळं ते घेत नाहीत, आणि तीस पिशव्या साठवल्यावर हे कळणं फार वाईट.

बाटली घेत नाही, तर बाटलीच्या मागे लागू नका. बोंडलं (चोच असलेली छोटी वाटी) आहे की. किंवा छोटी स्टीलची वाटी, ओठांना टेकवून हळूहळू. बाळाला जवळजवळ बसतं धरायचं, दूध तोंडात ओतायचं नाही, तिने जिभेने ओढून घ्यायचं. पहिल्यांदा निम्मं सांडेल, दुपटं गळ्याखाली ठेवा आणि थोडं जास्तीचं दूध धरून चला. देणारं माणूस तुम्ही नको. तुम्ही खोलीत असताना ती दुसऱ्याकडून घेणारच नाही, तिला वासाने कळतं. नवऱ्याने रोज एकदा, ती अर्धवट भुकेली असताना द्यावं. कडकडून भूक लागल्यावर नवं काही शिकत नाही कुणी. पाळणाघरातल्या बायकांना बोंडलं धरता येतं का ते विचारून घ्या.

सहा महिने झाले की उष्टावण, आणि मग दिवसाचं एक-दोन वेळचं ओझं नाचणीची खीर, मऊ वरण-भात, कुस्करलेलं केळं उचलतात. दुधाची गरज लगेच घटत नाही, पण एखाद्या दिवशी ६० मिली कमी पडलं तर आकाश कोसळत नाही. ते तीन आठवडे घरून काम मागायला सांगितलं ते याचसाठी. आणखी एक गोष्ट होईल: दिवसा ती कमी पिईल आणि रात्री वसूल करेल. हे बिघडलं नाही, तिने आपलं वेळापत्रक तुमच्यानुसार फिरवलं. तुमची झोप त्यात जाते हे खरं, म्हणून रात्रीचे दुपटी-डायपर नवऱ्याकडे. छातीत गाठ, लाली आणि थंडी वाजून ताप आला, तर पाजणं बंद करू नका. त्या बाजूचं दूध निघत राहू द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

रुजू होण्याआधी दोन आठवडे रंगीत तालीम. पाळणाघरात पहिले दोन दिवस एक तास, तुम्ही तिथेच. मग दोन तास तुमच्याशिवाय, मग एक झोप तिथे, मग अर्धा दिवस. शेवटी एक पूर्ण दिवस, ज्यात तुम्ही खरोखर सातला निघून ऐरोलीला जाऊन येता, पंपाची बॅग खांद्याला लावून. त्या दिवशी कळेल की बॅग जड आहे, की नवऱ्याला साडेआठ जमत नाही. रुजू व्हायचा वार बुधवार किंवा गुरुवार मागून घ्या, पहिला आठवडा दोन-तीन दिवसांतच संपतो.

आजारपणाच्या दिवसांची वाटणी आधीच करून ठेवा. ताप सकाळी पावणेसातला लक्षात येतो आणि त्या क्षणी जिची नोकरी "जरा हलकी" मानलेली असते तीच घरी राहते. सोपा नियम: सम तारीख तुमची, विषम तारीख त्यांची. महिन्याच्या महत्त्वाच्या मीटिंगच्या तारखा आधी अदलाबदल करून घ्यायच्या. वडिलांसाठी खासगी नोकरीत कायद्याने वेगळी रजा नाही, पण किरकोळ रजा त्यांनाही आहेच. सहा महिन्यांनंतर फ्लूची लस घेता येते, पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. पावसाळ्यात पाळणाघर सुरू करताय, तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांना याविषयी विचारा.

रात्रीचं रडू. झोप नसली की असं होतं हे खरं, पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोज उदास वाटत असेल, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर "होईल ठीक" म्हणत बसू नका. तुमच्या प्रसूतितज्ज्ञांकडे जा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासा, बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडू शकतो आणि तो मनाचा थकवा वाटतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार मनाला शिवून गेला, तर त्याच दिवशी मदत मागा, रात्र असली तरी.

अजून एक, पत्रात नसलेलं. पहिल्या काही संध्याकाळी तुम्ही आलात की मुलगी हसून झेपावेल असं नाही. कदाचित मान फिरवेल, किंवा दिवसभर शहाण्यासारखी राहून तुम्हाला बघताच भोकाड पसरेल. पाळणाघरातल्या बाई "दिवसभर रडली नाही हो" म्हणतील आणि तुम्हाला ते टोचेल. दिवसभर धरून ठेवलेलं रडू ती तुमच्याजवळ सोडते, बाकी काही नाही. त्या अर्ध्या तासात कुकर लावू नका, फोन बघू नका. हात-तोंड धुवा, कपडे बदला आणि तिला घेऊन बसा. बॅग दारातच पडून राहू दे, दुधाच्या पिशव्या तेवढ्या आधी फ्रिजमध्ये टाका.